कंबरभर पाण्यातला फोटो

रिपोर्टमध्ये सगळ्या ओळी हिरव्या होत्या. एकच पिवळी होती.

डिग्री, हिरवी. पत्ता, हिरवा. पोलीस रेकॉर्ड, काही नाही, हिरवं. आधीची नोकरी, कुक्षीच्या एका प्रायव्हेट शाळेत विज्ञान शिकवते, वर्तणूक चांगली, हिरवी. सगळ्यात खाली पिवळ्या पट्ट्यात इंग्रजीत लिहिलं होतं: सोशल मीडिया, पॉसिबल ॲक्टिव्हिस्ट, कॉन्फिडन्स मीडियम. म्हणजे ही मुलगी आंदोलनवाली असू शकते, पण आम्हाला नक्की माहीत नाही.

सोबत एक फोटो जोडला होता. कंबरभर पाण्यात उभी असलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी. उजवा हात वर, तोंड पूर्ण उघडं, केस गालाला चिकटलेले. घोषणा देते आहे हे कुणीही सांगितलं असतं.

मुलीचं नाव पायल मुकाती. गाव निसरपुर, जिल्हा धार. पुढच्या गुरुवारी ती आमच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून रुजू होणार होती.

मी देवासच्या इंडस्ट्रियल एरियात, सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात एचआर सांभाळते. एचआर म्हणजे वाढदिवसाचा केक आणि दिवाळीची मिठाई असं लोकांना वाटतं. तेही असतंच. पण खरं काम म्हणजे माणसं घेणं, आणि घेतली तर का घेतली आणि नाही घेतली तर का नाही, याचं उत्तर तयार ठेवणं.

माणूस घेण्याआधी आम्ही बीजीव्ही करतो. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. उमेदवाराने अर्जात जे सांगितलं ते खरं आहे का, एवढंच तपासायचं असतं. इंदूरची एक एजन्सी हे काम करते. त्या वर्षी त्यांनी पॅकेजमध्ये सोशल मीडिया चेक हा नवा प्रकार घातला. पहिले काही महिने फुकट. फुकट म्हटल्यावर आमच्या परचेस डिपार्टमेंटने लगेच हो म्हटलं. मला पहिला रिपोर्ट आल्यावर कळलं.

रिपोर्टची एक कॉपी आपोआप प्लांट हेडला जाते. त्यामुळे फोटो नीट बघून व्हायच्या आत माझा इंटरकॉम वाजला.

आमचे प्लांट हेड भार्गव साहेब. मूळचे जवळच्याच लोहारदा गावचे, आयुष्य कारखान्यांत गेलेलं, माणूस वाईट नाही. त्यांच्याशी माझं बोलणं हिंदीतच असतं. आमच्याकडे घरात मराठी, फॅक्टरीत हिंदी आणि मेल इंग्रजीत, असं वर्षानुवर्षं चालू आहे. इथे मी बरंचसं मराठी करून लिहिते. जिथे हिंदीच बरी वाटली तिथे तशीच ठेवली आहे.

"मॅडम, ये कौन लड़की उठा लाईं आप?"

"सर, आपण दोघांनी इंटरव्ह्यू घेतला होता. तुम्ही 'व्हेरी गुड' लिहिलंय."

"तेव्हा ती कोरडी होती," साहेब म्हणाले.

त्यांची भीती मला माहीत होती. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावाचे लोक दोन दिवस आमच्या गेटवर येऊन बसले होते. कारखान्याचा वास येतो, नाल्याचं पाणी खराब झालं, अशी तक्रार होती. वास येतो हे खरं होतं. नाल्यात जाणारं सांडपाणी आम्ही नंतर सुधारलं. पण ते दोन दिवस ट्रक आत-बाहेर झाले नाहीत आणि साहेबांना मुंबईच्या हेड ऑफिसचे फोन येत राहिले. तेव्हापासून त्यांना कुणीही हात वर केलेला आवडत नाही. सांडपाण्याचे रिपोर्ट लॅबमध्येच बनतात. तिथे आंदोलनवाली मुलगी बसणार, हे त्यांच्या डोळ्यांसमोर येत होतं.

"ऑफर कॅन्सल करा," ते म्हणाले.

"सर, तिने शाळेचा राजीनामा दिलाय. आपल्या ऑफर लेटरवर."

"ऑफर 'सब्जेक्ट टू व्हेरिफिकेशन' असते ना? तेच लिहा."

ते बरोबर होतं. ऑफर लेटरमध्ये तसं वाक्य असतं. पण व्हेरिफिकेशनमध्ये तिचं काहीच खोटं निघालं नव्हतं. तिने अर्जात कुठेही 'मी पाण्यात उभी राहिलेले नाही' असं लिहिलं नव्हतं. मी सोमवारपर्यंत वेळ मागितला.

आधी तो फोटो मी स्वतः शोधला. शोधायला फार काही लागलं नाही. एका पेजवर तो नर्मदेवरच्या धरणाच्या बुडिताचा म्हणून होता. दुसऱ्या पेजवर तीच मुलगी बिहारच्या पुरात मदत मागत होती. तिसऱ्यावर ती कुठल्याशा घाटावर सूर्याला अर्घ्य देत होती आणि खाली दीडशे लोकांनी हात जोडले होते. पायलचं स्वतःचं खातं मात्र मला कुठेच सापडलं नाही. मग एजन्सीला तिचं नाव कुठून मिळालं? उत्तर पहिल्याच पेजच्या कमेंट्समध्ये होतं. मिशीवाल्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं: "ये हमारी भतीजी है, पायल मुकाती, निसरपुर वाली. शेरनी!" पुढे सिंहाची तीन चित्रं.

म्हणजे तिच्या काकांना अभिमान वाटला होता. त्या अभिमानाने तिचं पूर्ण नाव आणि गाव जगाला मिळालं.

शनिवारी मला धारला जायचंच होतं. तिथे माझी मावशी असते आणि तिच्याकडे कुळधर्माचं जेवण होतं. मी पायलला फोन केला. कुक्षीहून धारला येऊ शकशील का, एक गोष्ट विचारायची आहे. ती म्हणाली, "मैडम, नौकरी तो है ना?" मी म्हटलं, भेटून बोलू. फोनवर हे उत्तर कुणालाच आवडत नाही. मलाही देताना आवडलं नाही.

धारच्या बसस्टँडजवळ पोह्याचं एक दुकान आहे, तिथे भेटलो. ती माझ्या आधी येऊन बसली होती. इस्त्री केलेला कुर्ता, मांडीवर सगळ्या सर्टिफिकेट्सची फाइल. काही कागद कमी पडला असेल असं समजून तिने घरातलं होतं नव्हतं ते सगळं आणलं होतं. मी दोन पोहे आणि दोन चहा सांगितले आणि मोबाइलवर तो फोटो उघडून तिच्यासमोर ठेवला.

तिने बघितलं. चेहऱ्यावर फारसं काही नाही.

"अच्छा, ये," ती म्हणाली. "ये तो मैं ही हूँ."

"कुठे आहेस यात?"

"घर में."

मला वाटलं मी नीट विचारलं नाही. "नाही, फोटोत कुठे उभी आहेस?"

"घर में, मैडम. ये हमारा आँगन है."

तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. मुलीच्या खांद्यामागे एक पांढरी भिंत होती, खालून कंबरभर पाण्यात बुडालेली. भिंतीवर लाल-हिरव्या रंगात अक्षरं होती. 'शुभ वि' एवढं दिसत होतं, बाकीचं फोटो कापणाऱ्याने कापलं होतं. आमच्या भागात लग्नघराच्या दाराशी 'शुभ विवाह' आणि नवरा-नवरीची नावं रंगवायची पद्धत आहे. ती वर्षानुवर्षं भिंतीवर राहतात.

"भैया की शादी का है," पायल म्हणाली. "आगे भैया-भाभी का नाम था. वो कट गया."

मग तिने सांगितलं ते असं. त्या पावसाळ्यात धरणाचं पाणी चढत होतं. घरच्यांनी सामान ट्रॅक्टर-ट्रॉलीतून नव्या प्लॉटवर नेलं होतं. तिथे चार भिंती झाल्या होत्या, छप्पर व्हायचं होतं. भांडी गेली, पलंग गेले, दाराची चौकट काढून नेली. आणि मग लक्षात आलं की एक बकरी कमी आहे. काका होडी घेऊन परत आले, ही त्यांच्याबरोबर. बकरी मागच्या ओट्यावर चढून बसली होती. काका होडी भलतीकडे नेत होते. पायल अंगणात उतरली आणि हात वर करून ओरडली.

"काय ओरडलीस?"

"काका, उधर नहीं, इधर! बकरी इधर है!"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"शेजारून दुसरी होडी चालली होती. त्यात कॅमेरेवाले होते. त्यांनी काढला. मला दोन महिन्यांनी कळलं, भाभीच्या मोबाइलवर आला तेव्हा. तोपर्यंत मी बिहारमध्ये पोहोचले होते."

"काढून टाका असं कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. ज्या पेजवर दिसला त्यांना लिहिलं. एकाने उत्तर दिलं, आपका धन्यवाद, पेज को लाइक करें." ती पोहे खाऊ लागली. "मग सोडून दिलं. काकांना मात्र अजून वाटतं की त्यांनी मला फेमस केलं."

"आणि बकरी?"

"मिल गई. काकांना चावली, पण मिळाली. नव्या प्लॉटवर बांधायला जागा नव्हती, पुढच्या हाटाला विकून टाकली."

माझं काम झालं होतं. फोटोतली मुलगी आंदोलनात नव्हती, स्वतःच्या अंगणात होती. सोमवारी एवढं लिहिलं की पिवळी ओळ हिरवी. मी पर्स उचलली.

"मैडम, एक बात और," पायल म्हणाली. "आंदोलन में भी मैं जाती थी."

मी परत बसले. "हे मी तुला विचारलेलं नाही."

"नाही विचारलंत. पण तुम्ही जाऊन लिहाल की जात नव्हती. मग ते खोटं होईल ना." तिचा आवाज तेवढाच होता, फक्त फाइलवरची बोटं घट्ट झाली होती. "आई जायची, म्हणून मी जायची. धरण्यावर रोट्या वाटायला. घराचे पैसे मिळाले होते, पण काकूचं नाव भरपाईच्या यादीतून सुटलं होतं, त्यासाठी बसायचे सगळे. तिथे माझा एकही फोटो नाही. मी मागे असायची, चुलीपाशी."

बाहेर मनावर गावावरून कुक्षीला जाणारी बस लागली होती आणि कंडक्टर ओरडत होता, "चलो भिया, चलो, खाली है!" बस भरलेली होती. ती उठली. नमस्कार केला आणि विचारलं, "तो गुरुवार को आऊँ?"

मी म्हटलं, "मी फोन करते."

मावशीकडे पुरणपोळी होती. मला काही ती धड लागली नाही. मावशीने विचारलं, "काय गं, कुठे हरवलीस?" मी म्हटलं ऑफिसचं आहे. तिने तेवढ्यात पानासकट माझा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, खाली 'भाची आली' असं लिहून. माझ्या तोंडात घास होता. त्या दिवशी मला तो फोटो नेहमीपेक्षा जास्त खुपला.

माझी अडचण अशी होती. फोटोवरून निघालेला निष्कर्ष चुकीचा होता, पण अपघाताने अर्धा बरोबर होता. आणि बरोबर अर्धा मला कुठल्याही एजन्सीने दिला नव्हता. तो मुलीने स्वतःहून दिला होता, मी खोटं लिहू नये म्हणून. आता मी ते लिहिलं तर तिची नोकरी तिच्या खरेपणामुळे जाणार. नाही लिहिलं तर ज्या गोष्टीची तिला लाज नव्हती ती मी लपवणार. रविवारभर मी दोन्ही प्रकारे वाक्यं जुळवून पाहिली. एकही सही करण्यासारखं झालं नाही.

सोमवारी सकाळी मी काही न लिहिता साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. अंगण, भिंत, बकरी. आणि रोट्याही.

साहेबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे आंदोलनात होती."

"रोट्या वाटत होती, सर."

"रोट्यांवरच आंदोलन चालतं, मॅडम." हे त्यांना गेटच्या अनुभवावरून माहीत होतं. "नको. नाही म्हणून टाका."

"ठीक आहे. कारण काय लिहू?"

"नॉट सूटेबल."

"टेस्टमध्ये ती पहिली आली आहे. आणि इंटरव्ह्यू शीटवर तुमचं 'व्हेरी गुड' आहे."

"मग लिहा, पोझिशन होल्डवर."

"त्याच पोझिशनवर दुसरा केमिस्ट गुरुवारी येतोय. दोन जागा आहेत, हे हेड ऑफिसला माहीत आहे."

साहेब जरा चिडले. "एचआर तुम्ही आहात. तुम्हीच काहीतरी लिहा ना!"

"मी एकच लिहू शकते," मी म्हटलं. "उमेदवाराचं घर पाण्याखाली गेलं तेव्हा ती त्या घरात होती, आणि काकूला भरपाई मिळावी म्हणून आईबरोबर बसली होती, या कारणाने नाकारत आहोत. मी टाइप करून आणते. सही तुमची लागेल."

मी आवाज चढवला नव्हता. भार्गव साहेबांशी माझं कधी वाजलं नव्हतं, आणि माझं स्वतःचं अप्रेझल त्याच महिन्यात होतं.

ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. खाली यार्डात सोयाबीनचे ट्रक उभे होते. मला वाटलं आता मला बाहेर जायला सांगतील.

"वो बकरी मिली थी?" त्यांनी विचारलं.

"मिळाली, सर. काकांना चावली. नंतर विकली, बांधायला जागा नव्हती म्हणून."

"हूँ." त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला. "सहा महिने प्रोबेशन. लॅबमध्ये लक्ष ठेवायला सांगा." आणि पिवळ्या ओळीच्या शेजारी इंग्रजीत 'रिव्ह्यूड, ओके' असं लिहून सही केली. मी बाहेर येऊन पायलला फोन लावला. "गुरुवारी ये." पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आणि "मम्मी!" अशी हाक. त्यानंतर फोन कट झाला.

गुरुवारी ती वेळेवर आली. लॅबचं काम शिकली. प्रोबेशनच्या शेवटी भार्गव साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: काम चांगलं, आवाज मोठा आहे, मशीन चालू असतानाही ऐकू येतो, कन्फर्म करावे.

इथे ही हकिकत संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या सेफ्टी वीकमध्ये पायल माझ्या टेबलापाशी आली आणि मोबाइल पुढे केला. आमच्या कंपनीचं पेज होतं. पांढरा कोट, चष्मा, हातात तेलाची नळी उजेडाकडे धरलेली. पायल. फोटो उत्तम आला होता. खाली मोठ्या अक्षरांत: 'हमारी बेटियाँ, हमारी शान.' आणि खाली तिचं पूर्ण नाव.

"मैडम, ये हटवा दीजिए."

"अगं, चांगला आहे की."

"अच्छा है. पर पूछा नहीं."

मी हेड ऑफिसच्या ब्रँडिंगवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, मॅडम, पोस्ट फार छान चालली आहे, आणि एम्प्लॉयीची परवानगी आहे ना आपल्याकडे. मी विचारलं कुठे आहे. ते म्हणाले, अपॉइंटमेंट लेटर, शेवटचं पान. मी ते पान काढलं. होतं. कंपनीच्या प्रचारासाठी कर्मचाऱ्याचे छायाचित्र वापरण्यास त्याची संमती राहील. बारीक अक्षरांत, सुट्ट्यांच्या नियमाखाली. सगळे सही करतात, कुणी वाचत नाही. वाचलं तरी नोकरी हवी असलेला माणूस त्या ओळीसाठी थांबत नाही.

मी पायलला ते पान दाखवलं. तिने ते पूर्ण वाचलं आणि विचारलं, "ये किसने लिखा?"

अपॉइंटमेंट लेटर एचआर लिहितं. मी ब्रँडिंगला पुन्हा फोन केला आणि म्हटलं, संमती मागे घेतली आहे, संध्याकाळच्या आत काढा. त्यांनी विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, कर्मचाऱ्याने नाही म्हटलं, हे कारण पुरतं. त्यांनी कुरकुर केली. पोस्ट काढली.

त्यानंतर दोन बदल झाले. ते वाक्य मी लेटरमधून काढलं. आता फोटो टाकायचा तर त्या त्या वेळी त्या त्या माणसाला विचारावं लागतं. ब्रँडिंगवाल्यांचं म्हणणं की याने काम हळू होतं. होतं. आणि एजन्सीचा सोशल मीडिया चेक आम्ही बंद केला. फुकटचे महिने संपले होते, त्यामुळे परचेसनेही आनंदाने मान्य केलं.

या नोकरीत मी बऱ्याच चाचण्या, फॉर्म आणि रिपोर्ट पाहिले. माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर त्या माणसाला विचारावं, यापेक्षा स्वस्त पद्धत मला अजून कुणी दाखवलेली नाही. तोटा एवढाच की कधीकधी तो खरं सांगतो.